दोन हॉर्न आणि एक थाप

गाडी पसंत करायला लोक शोरूमला जातात, थंड हवेत बसून चहा पितात आणि रंग निवडतात. बुऱ्हाणपूरजवळच्या आमच्या दापोऱ्याच्या घरात असलं चालत नाही. गाडी आधी केळीच्या घडांनी भरायची, मळ्यामागच्या नाल्यात उतरवायची, पलीकडचा चढ चढवून शाहपूरच्या सडकेला लावायची, मग तोंड उघडायचं. आणि हे सगळं होताना घरातलं एक माणूस मागे हौद्यात, घडांजवळ बसलेलं पाहिजे. पुढे बसणाऱ्याला इंजिन कळतं. गाडी कशी आहे ते मागे बसणाऱ्याच्या पाठीला विचारावं.

ती पाठ माझी. मी मालूबाई. अर्धं आयुष्य माझं पिकअपच्या हौद्यात गेलं आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. केळीचा घड दिसतो दणकट, असतो नाजूक. धक्का बसला तर त्या वेळी काही दिसत नाही. पिकायला लागला की काळा डाग वर येतो आणि व्यापारी तोंड वाकडं करतो. म्हणून खाली केळीची पानं अंथरायची, घडांच्या मधेमधे पानं कोंबायची, आणि खड्डा आला की हातापायांनी घड दाबून धरायचे. हे माझं काम होतं. गाडी चालवायचं काम आमच्या मालकांचं.

नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नाही, आता या वयात काय घ्यायचं. गाव त्यांना भिकनभाऊ म्हणायचं. जुनी पिकअप घरी आली तेव्हा त्यांनी ती आधी बुऱ्हाणपूरला राजघाटावर नेली, तापीचं पाणी चारी चाकांवर घातलं, आणि मग मला म्हणाले, "बस मागं." हा आमचा मानपान! बाकीच्यांच्या बायका नव्या गाडीत पुढे बसून मिरवल्या. मी रागाने पदर खोचून मागे चढले आणि तिथलीच झाले.

पण त्यांचं चालवणं होतं देवमाणसाचं. नाल्याच्या तोंडाशी आले की गाडी उभी करायचे आणि हॉर्न दोनदा वाजवायचे, अगदी हलका. म्हणजे, धर. मी घड दाबून धरले की केबिनच्या पत्र्यावर एक थाप मारायची. म्हणजे, धरलं, चल. थाप येईपर्यंत गाडी जागची हलायची नाही, मागून ट्रॅक्टरवाला कितीही कोकलू दे. मग ते गाडी तिरकी घ्यायचे, आधी एक चाक खाली, मग दुसरं, जसं लहान लेकरू पायरी उतरतं. आम्ही दिवसभरात एकमेकांशी फारसं बोलायचो नाही. आमचं बोलणं त्या नाल्यात व्हायचं.

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. त्यानंतर मी हौद्यात पाय ठेवला नाही. गाडी माझा मुलगा रितेश चालवायला लागला. पोरगा गुणाचा आहे, पण स्टीअरिंग हातात आलं की त्याच्या अंगात येतं. पुढे काय आहे ते पाहतो, मागे काय आहे ते विसरतो. केळीवर डाग दिसायला लागले. एकदा माझी सून हिमानी जेवताना म्हणाली, "आत्याबाई, मी चालवून पाहू का गाडी?" मी ताटावरून उठलेच. म्हटलं, "या घरच्या बाया मागं बसतात. पुढचं पुढचे पाह्यतील." ती गप्प बसली. तिचा तो गप्प बसण्याचा गुण मला आधीपासून खुपायचा, कारण त्यात ऐकून घेतल्यासारखं काही नसायचं.

या वर्षी जुन्या पिकअपचं इंजिन बसलं. मेकॅनिकने हात टेकले. ती देऊन नवी घ्यायचं ठरलं आणि घरात निवडणूक लागली.

एका बाजूला माझा पुतण्या गोटू. त्याच्याकडे पांढरी पिकअप आहे, मागच्या वर्षी घेतलेली, आणि तो तिच्याबद्दल असा बोलतो की त्याच्या बायकोला मत्सर वाटावा. दुसऱ्या बाजूला हिमानीचा भाऊ सागर, शाहपूरचा. त्याची लाल, दुसऱ्या कंपनीची. दोघं रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन मोबाइलवर व्हिडिओ दाखवत भांडायचे.

"पॉवर पाह्य ना काकू," गोटू म्हणायचा. "भरली गाडी दुसऱ्या गेअरमधी चढ चढते. टॉर्क म्हणतात त्याले!"

"टॉर्क काय चाटायचा का?" सागर म्हणायचा. "मावशी, माझी स्टीअरिंग एका बोटानं फिरते. क्लच मख्खन. ड्रायव्हिंग का मजा तो इसी में है."

"मजा पाह्यजे तर झोका बांध."

"अन् तुझी? बैल हाकून राह्यला का गाडी चालवून राह्यला, तेच समजत नाही."

रितेशचं मत शेवटी जो बोलेल त्याच्या बाजूचं. तोच एके दिवशी म्हणाला, "आई, तूच बस मागं अन् सांग. बाबा असते तर त्यांनी तुलेच विचारलं असतं."

मला हो म्हणायचं नव्हतं. गाडी जाणार याचं मला दुःख नव्हतं, लोखंडच ते. दुःख होतं चालवण्याचं. तो हात गेला, आणि तसा नाला उतरणारं माणूस आता या जन्मात भेटायचं नाही, हे मला माहीत होतं. हौद्यात बसले की ते आणखी पक्कं कळणार, ही भीती होती. पण बाबांचं नाव काढलं पोरानं. मी पदर खोचला.

सकाळी घड कापले. पांढरीत पानं अंथरली, घड लावले. मी केबिनला पाठ टेकून बसले, तोंड मागच्या रस्त्याकडे. रितेशने चालवायला घेतली, शेजारी गोटू.

नाल्याशी ना हॉर्न, ना थांबणं. गाडी धाडकन खाली गेली. माझे मणके एकेक करून जागे झाले, दोन घड मांडीवर आले, मी रितेशच्या सात पिढ्यांना, म्हणजे माझ्याच सासरला, बोलून घेतलं. चढाला मात्र गाडीने कमाल केली. खोटं कशाला बोलू? आवाजसुद्धा न बदलता वर आली, जशी काही रिकामीच आहे.

"काय काकू?" गोटूने उतरून विचारलं.

"अंगात ताकद आहे," मी म्हटलं, "अन् अक्कल नाही."

गोटूचं तोंड उतरलं. सागरला हसू आवरेना.

परत मळ्यात येऊन सगळे घड लाल गाडीत घातले. रितेश आणि गोटू चढाच्या माथ्यावर जाऊन उभे राहिले, मोबाइल काढून. लाल गाडी अडकली तर त्याचा व्हिडिओ गोटूला गावभर दाखवायचा होता. मी मागे बसले. पुढे दारं आपटल्याचा आवाज आला, गाडी निघाली. सागर बरा चालवतो, असं माझ्या मनात आलं. बांधावरचे खड्डे तो हळूच, कडेकडेने काढत होता.

नाल्याच्या तोंडाशी गाडी थांबली.

हॉर्न वाजला. दोनदा, हलका.

वाटलं, कोणी समोर आलं असेल, ढोर-बिर. पण गाडी तशीच उभी. इंजिन चालू, आणि गाडी उभी. वाट पाहत होती ती. माझे पाय आपोआप घडांना भिडले, हात वर गेला, आणि मी केबिनच्या पत्र्यावर थाप मारली.

तेव्हा गाडी निघाली. तिरकी झाली. एक चाक खाली, मग दुसरं. घड हलला नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही, कारण हात घडांवर होते. वर्षभर मी रडले होते ते लोकांसमोरचं, रीतीचं. हे वेगळं होतं. मला वाटलं, मागे वळून काचेतून पाहिलं तर तेच दिसतील, आणि नाही दिसले तर काय, म्हणून मी वळले नाही. नाल्याच्या मध्यात मी पत्रा बडवायला लागले. गाडी थांबली.

"अटकली! अटकली!" वरून गोटू नाचत ओरडला. "म्हटलं होतं ना!"

मी खाली उतरले. पुढे गेले. सागर बसला होता दुसऱ्या बाजूला, अंग चोरून. स्टीअरिंगवर हिमानी.

"तू?" मी म्हटलं.

"आत्याबाई, रागावू नका. सागर म्हणाला, तूच घे—"

"ते राहू दे. हॉर्न कोणी शिकवला?"

तिने मान खाली घातली. "मामाजींनी. शेवटची दोन वर्षं. तुम्ही दुपारी लेटायच्या ना, तेव्हा मळ्यात शिकवायचे. म्हणायचे, तुझ्या सासूले सांगू नको, घर डोक्यावर घेईल."

मला आधी राग आला, आणि तो तिचा नाही, त्यांचा. जन्मभर दुपारी मी घटकाभर पाठ टेकायचे, तेवढ्यात ह्यांचे हे उद्योग! मेल्यावरसुद्धा माणसाने चिडवावं म्हणजे काय!

"अन् थांबून कशाले राह्यली? थाप नसती मारली मी तर?"

"तर उभीच राह्यली असती. ते म्हणायचे, थाप आल्याबिगर उतरायचं नाही. मळ्यात मागं कोणीच नसायचं, आत्याबाई. तरी हॉर्न द्यायला लावायचे अन् स्वतः मागं जाऊन थाप मारायचे. म्हणायचे, मागं तुझी सासू बसली आहे असं समज. तिची पाठ दुखते, पण ती सांगत नाही."

मी कधीच सांगितलं नव्हतं. एकदाही नाही. नाल्यातल्या कोरड्या वाळूत मी उभी होते आणि मला त्या क्षणी ते इतके हवे होते की हिमानीचा हात मी घट्ट धरला. तिला वाटलं मी पडते आहे. तिने मला सावरलं.

"चल," मी तिचा हात सोडून म्हटलं. "चढव वर."

लाल गाडी चढाला धापा टाकायला लागली. पहिला गेअर टाकावा लागला, मध्येच आवाज बारीक झाला, पण हिमानीने तिला चुचकारत वर आणली. सागर खिडकीबाहेर बघत बसला. वर रितेश तोंड उघडं टाकून उभा होता, मोबाइल खाली, व्हिडिओ जमिनीचा.

"घड पुन्हा पांढरीत घाला," मी म्हटलं. "अन् आता ती हिच्या हाती द्या."

"काकू, भाभी चालवंन?" गोटूचा जीव खालीवर झाला. "माझी गाडी आहे ती!"

"म्हणूनच तर. अक्कल येईल तिले."

त्याने चावी दिली, पण अशी की जणू लेक सासरी पाठवतो आहे. पुन्हा मळ्यात, पुन्हा नाल्याचं तोंड. दोन हॉर्न. मी थाप मारली. तीच पांढरी, तोच नाला, आणि एवढी अलगद उतरली की मांडीवर घड आला नाही, पानसुद्धा नाही. चढ तर ती तशीही खेळत चढते. सडकेला लागल्यावर सगळे माझ्याभोवती गोळा झाले.

"पांढरी घ्या," मी म्हटलं.

गोटूने आरोळी ठोकली.

"फुगू नको रे. ताकद दुकानात मिळते, ती घ्यावी लागते. हात आपल्या घरचा आहे." मग रितेशकडे वळले. "ड्रायव्हर ही. तू व्यापाऱ्याशी बोल, तुझं तोंड चांगलं चालतं."

रितेश हसला. जवळ येऊन त्याने पुढचं दार उघडलं. "आई, आता तरी पुढं बस. सीट चांगली आहे, एसी आहे."

मी त्या सीटकडे पाहिलं. मऊ होती खरी. आयुष्यभर मला तिथे बसायचं होतं.

"मी पुढं बसली," मी म्हटलं, "तर ही हॉर्न कोणासाठी वाजवंन?"

मी मागे चढले आणि केबिनला पाठ लावली. शाहपूरकडे जाणारी सडक सपाट, डांबरी, नजर जाईल तिथवर खड्डा नाही. तरी हिमानीने हॉर्न दिला, दोनदा, आणि गाडी उभी ठेवली. मी थाप मारली.