पूर्णिमाच्या डोळ्यातला काळा डाग

मी एक जुना काळा डाग आहे, मित्रांनो. पूर्णिमाच्या उजव्या डोळ्यात, अगदी मागच्या पडद्यावर, एका कडेला मी राहतो. तिच्या जन्माआधीच मी इथे आलो. कसा आलो, ते मला ठाऊक नाही. बाहेरून मी दिसत नाही आणि तिला माझा त्रासही नाही. ती मोठी झाली, लग्न करून इंदूरच्या मल्हारगंजात आली, साड्यांवर जरीची बारीक नक्षी भरू लागली. मला वाटायचं, प्रत्येकाच्या डोळ्यात असा एक डाग असतोच.

मग चष्म्याचा नंबर बदलला म्हणून ती परदेशीपुऱ्यातल्या तपासणी शिबिरात गेली. थेंब घालून बाहुली मोठी केली आणि यंत्राचा लख्ख उजेड थेट माझ्यावर पडला. तपासणारा आणखी जवळ वाकला.

"दीदी, पीछे काला धब्बा है. बड़े डॉक्टर को दिखाओ. गाँठ भी हो सकती है."

मी गाठ आहे? मला काहीच कळेना.

घरी नवरा सुशांत म्हणाला, "टेन्शन नको घेऊ, उद्याच दाखवू." पण पूर्णिमाची आई, प्रेमलताबाई, रडूच लागली.

"माझंच चुकलं गं. तू पोटात होतीस, ग्रहण लागलेलं, आणि मी पालक चिरला. तू जन्मलीस तेव्हा तुझं सगळं अंग तपासलं होतं मी, कुठे खूण तर नाही ना. नव्हती. वाटलं, सुटले."

"आई, असं कुठे होतं का?" पूर्णिमा म्हणाली.

मी आणखीच गोंधळलो. कालपर्यंत माझं नावही कुणी घेत नव्हतं. आता मी गाठही होतो आणि एका आईचं पापही. पूर्णिमाने सुई बाजूला ठेवली. एक डोळा झाकून ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचायची, मग दुसरा झाकून.

डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टर शिवांगी यांनी माझे फोटो काढले, पुन्हा पुन्हा पाहिले.

"ही जन्मखूण आहे, पूर्णिमाजी. अंगावर तीळ असतो ना, तशी. सपाट आहे, कडा स्वच्छ आहेत, एकच आहे. गाठ नाही. औषध नको, ऑपरेशन नको. फक्त वर्षाने फोटो काढून बघू, बदल तर नाही ना."

"आणि ग्रहण, डॉक्टरजी?" प्रेमलताबाईंनी हळूच विचारलं.

"ग्रहणाचा काही संबंध नाही, काकू. पालकाचाही नाही. पोटात पडदा तयार होताना तिथल्या पेशी जरा मोठ्या आणि जास्त काळ्या झाल्या, बस्स. तुम्ही काही केलेलं नाही."

प्रेमलताबाई खुर्चीतून उठल्या. मग म्हणाल्या, "मला दाखवता का तो?"

स्क्रीनवर त्यांनी मला पाहिलं. माझ्यावर हलकेच बोट टेकवलं, तान्ह्या बाळाच्या गालाला लावतात तसं.

मित्रांनो, मी मुळात का झालो, हे मला अजूनही उमगलेलं नाही. पण एवढं मागतो. डोळे वेळेवर तपासून घ्या. डाग दिसला तर डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांचं ऐकून घेईपर्यंत कुणाच्याही आईला त्याचं कारण ठरवू नका.