औषध तळाशी बसतं म्हणे!

मी कँडल बोलतेय. जळणारी नव्हे, फिल्टरमधली, पाणी गाळणारी. पांढऱ्या मातीची, भट्टीत भाजलेली. अंगभर बारीक छिद्रं. तीच माझं नाक, तीच माझं तोंड. म्हणून माझ्या किळसेला नखरा समजू नका. या घरात मी जे गिळलंय, त्याला तुम्ही बोटही लावणार नाही.

इथे नळाला चहासारखं गढूळ पाणी येतं. आधी ते तसंच माझ्यावर ओतायचे. चिखलाने मी गुदमरायची आणि वर बोल मलाच, "ही कँडल म्हणजे नुसती आळशी!"

मग घरातल्या बाळाला जुलाब लागले. दवाखान्यातल्या ताईंनी सूनबाईला शेवग्याच्या वाळक्या बिया दिल्या. सोलून कुटायच्या, पूड थोड्या पाण्यात कालवून बादलीत ओतायची. आधी भराभर, मग हळूहळू ढवळायचं आणि बादलीला हात न लावता थांबायचं. गाळ गोळा होऊन तळाशी बसतो. वरचं निवळलेलं पाणी तेवढं माझ्यावर ओतायचं, मग उकळून बाळाला द्यायचं. तसं पाणी पहिल्यांदा अंगावर आलं आणि जन्मात पहिल्यांदा आंघोळ झाल्यासारखं वाटलं. बाळही सावरू लागलं.

सूनबाई पुन्हा कामावर जाऊ लागली आणि बादली आबांच्या, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या हाती आली. आबांचा जन्म औषधाच्या दुकानात गेलेला. 'बाटली हलवून घ्या' हे त्यांच्या रक्तातच. निवळलेली बादली बघून ते चपापले.

"अरेच्चा! सगळं औषध तळाशीच बसलं की!"

आणि पळीने तळ ढवळून त्यांनी तो सगळा रेंदा माझ्यावर ओतला. शी! शेंबडासारखा गिळगिळीत. रोज तोच. माझ्यावर साचलेला थर आंबला, त्याला वास सुटला. माझ्यातून थेंब पडेना. बाळ तहानेने रडायला लागलं, तशी आबांनी मला उपटून खिडकीत टाकलं आणि माझ्या जागी राहिलेल्या मोकळ्या भोकातून पाणी सरळ खालच्या भांड्यात सोडलं.

"फिल्टरचंच आहे, उकळायचं कशाला?" असं म्हणत त्यांनी पेला भरला. मी ओरडणार कशी?

तेवढ्यात सूनबाई घरी आली.

"आबा, हे काय?"

"औषधासकट पाणी! तू सगळं सत्त्व मोरीत ओतत होतीस."

तिने पेला उजेडात धरला. आत कापसासारखे पुंजके तरंगत होते.

"मग आधी तुम्ही घ्या."

"मला काय झालंय?"

"घ्या ना. सत्त्व आहे."

आबांनी पेला ओठांशी नेला. वास नाकात शिरला. तोंड वेडंवाकडं झालं. त्यांनी बाळाकडे पाहिलं आणि पेला मोरीत रिकामा केला.

हल्ली आबाच मला ब्रशने घासतात. घासून घासून मी झिजलेय, लवकरच बदलतील. माझी जागा दुसरी घेईल. तिच्यासाठी आणि बाळासाठी एवढंच मागते. पाणी निवळलं की तळाला हात लावू नका. आणि जे तुमच्या ओठांशी थांबतं, ते लेकराच्या ओठांना लावू नका.