म्हाळसाचा आकडा

काटेवाडीचा महिपती बायकोपुढं रोज हरायचा, पण कबूल करील तर शपथ.

खेळ तसा जुनाच. आकाशातून राक्षसांची रांग खाली सरकत येते, आपण खालून गोळ्या झाडायच्या. लग्नाच्या वर्षी इंदापूरच्या स्टँडसमोरच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात त्यानं म्हाळसाला तो मोठ्या ऐटीत दाखवला, आणि पहिल्याच डावात तिनं त्याला गारद केलं. तीस वर्षांनी तोच खेळ नवं रूप घेऊन मोबाईलवर आला. लेकीनं, स्वरूपानं, आईच्या फोनात घालून दिला. मग काय, धारा काढून झाल्या की दोघं ओट्यावर एका फोनला चिकटलेली. म्हाळसाचा आकडा सगळ्यात वर, बेचाळीस हजार तीनशे. महिपती तीस हजारांच्या आसपासच गडगडायचा.

"म्या मुद्दाम हरतो गं, तुझं मन राखाया."

"एकदा तरी खरं बोला. हरलो म्हणा की!" ती चिडायची. तिचं ते चिडणं त्याला फार आवडायचं.

माघात तापाचं निमित्त झालं आणि म्हाळसा गेली. दहाव्याला कऱ्हेकाठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. झाडावर पाच-सहा बसलेले, पण एकही खाली उतरेना. धाकटा भाऊ हिंदुराव हात जोडून म्हणाला, "वैनी, गायींचं आमी बघतो." स्वरूपा म्हणाली, "आई, आबांना मी सांभाळीन." कावळे ढिम्म. ऊन चढलं, तशी सगळी माणसं महिपतीकडं बघू लागली.

तिला काय ऐकायचंय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. एका शब्दाचं काम. पण एवढ्या सोयऱ्याधायऱ्यांत मोबाईलच्या खेळाचं काय बोलायचं? माणसं हसतील. त्यानं नुसते हात जोडले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. महिपतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तो रोज फोन उघडून तिचा आकडा नुसता बघत बसायचा. वैशाखात फोननं खेळ अपडेट करू का म्हणून विचारलं. त्यानं हो म्हटलं. राक्षस रंगीबेरंगी झाले आणि आकड्यांची यादी कोरी झाली.

"स्वरूपा, आईचा आकडा गेला गं," तो फोनवर रडला.

"आबा, तो आता परत न्हाय यायचा. तुमीच तिच्या नावानं खेळा."

त्यानं म्हाळसाचं नाव घातलं आणि तिचा आकडा परत लावायला बसला. महिनाभर जीव तोडून खेळला. एकतीस हजार. अठ्ठावीस. एकदा चौतीस. बेचाळीस काही केल्या येईना.

एका संध्याकाळी त्यानं ओट्याच्या कडेला भाकरीचा घास ठेवला. समोर लिंबावर कावळा होता. शेजारची ठमाबाई अंगण झाडत होती, तरी तो मोठ्यानं बोलला, "म्हाळसा, हरलो गं. मुद्दाम न्हवं. पयल्या डावापास्नं खरंच हरलो."

कावळ्यानं मान वाकडी करून बघितलं आणि तो उसाकडं उडून गेला. महिपती घासाजवळ तसाच बसून राहिला.