निदर्शनास आले आहे

खात्यात त्याला सगळे 'खुलासेवाले' म्हणत. अठरा वर्षं त्याचं काम एकच. वर्तमानपत्रात सरकारची खरडपट्टी निघाली, की चार वाजायच्या आत खुलासा लिहून द्यायचा. तोही असा, की राग नेमका कुणावर काढावा हेच वाचणाऱ्याला कळू नये! त्यात त्याचा हातखंडा होता. वाक्यातून माणूसच काढून टाकायचा. 'आम्ही पाहिलं' असं कधी लिहायचं नाही, 'निदर्शनास आले आहे' असं लिहायचं. कुणाच्या निदर्शनास, हे आजवर एकाही पत्रकारानं विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात मात्र साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बस स्थानकांवर चेहरे ओळखणारे कॅमेरे बसवायचं कंत्राट सरकारनं एका नव्याकोऱ्या कंपनीला दिलं होतं, धड चाचणीही न घेता. पहिल्याच महिन्यात कॅमेऱ्यानं एका वयस्कर बाईला पाकीटमार ठरवलं. रखवालदारांनी तिला दंडाला धरून बाजूच्या खोलीत नेलं आणि दोन तास बसवून ठेवलं. मग काय, नुसतं रान उठलं. वाहिन्यांवर माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडू लागली, आणि कंत्राट कुणाच्या मेव्हण्याला मिळालं यावर घरोघरी पैजा लागल्या. बाईचं नाव तेवढं कुणाकडे नव्हतं.

"बाईनं चेहरा झाकला असणार हो," साहेब म्हणाले. "त्याशिवाय मशीन चुकेल कशाला? तसं काहीतरी टाका."

"कॅमेऱ्यातला फोटो बघायला मिळेल का?"

"कंपनीकडे आहे, येईल. तुम्ही आधी खुलासा लिहा."

आता, हा गडी तिथं अडून बसू शकला असता. फोटो आल्याशिवाय लिहीत नाही म्हणाला असता, तर साहेब फार फार तर कावले असते. पण घड्याळात सव्वातीन झाले होते, आणि वाक्य तर त्याच्या डोक्यात तयारच होतं. त्यानं लिहिलं, 'संबंधित महिलेने चेहरा अंशतः झाकला होता, असे प्रथमदर्शनी निदर्शनास आले आहे.' साहेबांनी पाठ थोपटली. खरं सांगायचं तर त्यालाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी ते वाक्य जसंच्या तसं छापलं आणि वारं फिरलं. कंत्राट राहिलं बाजूला. चेहरा का झाकला, लपवायचं काय होतं, असल्या बायकांना चौदावं रत्नच दाखवलं पाहिजे, असं जो तो लिहू लागला. जिभेला हाड नसलेली माणसं काय कमी आहेत?

रविवारी सकाळी मावशी आली. आईची धाकटी बहीण, निवृत्त शिक्षिका. याला शाळेत व्याकरण तिनंच शिकवलेलं, आणि आता ती घरी मुलांचे वर्ग घ्यायची. चपला काढता काढता म्हणाली, "अरे, ती बस स्थानकावरची बाई मी."

त्याच्या पायाखालची जमीनच सरकली.

"तू? मग कुणाला बोलली का नाहीस?"

"काय बोलू? दोन तास स्टुलावर बसवलं म्हणून दवंडी पिटू?" ती खुर्चीत टेकली. "पण गल्लीतल्या कुणीतरी मला तिथं पाहिलं होतं. परवापासून वर्गाला दोनच मुलं येतायत. उद्या पालक भेटायला येणार आहेत. मुलं पाठवायची की नाही ते ठरवायला."

तिनं पिशवीतून कात्रण काढून टेबलावर ठेवलं. त्याच्या वाक्याखाली लाल रेघ मारलेली होती.

"झाकला होता. कुणी?"

"महिलेनं," तो पुटपुटला.

"म्हणजे मी. तिथं कर्ता आहे. आणि निदर्शनास आलं, ते कुणाच्या?"

मावशीनं चष्मा काढून पुसला.

"अरे, सरकारी कागदात 'अंशत'पुढे दोन टिंबं ठोकून देतात, टाइप करताना अपूर्णविरामाची असतात तशी. इथं नीट विसर्ग आहे. मी हातावर पट्टी मारून शिकवलेला. तरी म्हटलं, हे तुझं नसेल. म्हणून तुझं तोंड बघायला आले."

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. "मावशी, शप्पथ सांगतो, तू आहेस हे मला माहीत नव्हतं."

"आणि दुसरी कुणी असती तर चाललं असतं?"

त्याला जमिनीकडेच बघवत होतं. एवढी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

"शिव्यांचं मी फार मनावर घेतलं नाही," मावशी हळू बोलू लागली. "पण काल आरशासमोर उभी राहून आठवत बसले होते, बाई गं, तू खरंच पदर घेतला होतास का तोंडावर? एवढं ठाम छापलंय म्हणजे घेतलाही असेल, असं वाटायला लागलं रे. माझ्याच तोंडाची मला खात्री वाटेना."

तो उठला आणि कागद घेऊन बसला. तिनं लिही म्हटलं नव्हतं. नोकरीवर गदा येणार हे त्याला ठाऊक होतं, तरी लिहीत गेला. 'महिलेने चेहरा झाकला होता, हे वाक्य मी लिहिले. मी फोटो पाहिला नव्हता. कोणीच काही पाहिले नव्हते.' खाली सवयीनं हुद्दा लिहिला आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

मावशीनं दोनदा वाचलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

"हुद्दा खोड," ती म्हणाली. "नाव लिही. पूर्ण."

त्यानं स्वतःचं नाव लिहिलं. पुढे वडिलांचं लिहायचं, तिथं त्याचा हात थांबला. मावशी समोर नुसती बसून राहिली, आणि ते नाव लिहून होईपर्यंत त्याला मान वर करता आली नाही.