बेटाची मागची बाजू

तळ्यातल्या बेटावर बगळ्यांची घरटी, आणि नावाड्यांची एक ठरलेली खोड: बेटाजवळ गेलं की इंजिन घरघरवायचं आणि सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या. थवेच्या थवे आभाळात उठायचे, पाहुणे फोटो काढून खूश. आता उघड्या पडलेल्या अंड्यांवर कावळे ताव मारणारच की! पण लक्षात कोण घेतो? दोन वर्षं बेटावर एकही पिल्लू जगलं नाही. अभयारण्याच्या साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं, यंदाही बेट ओस राहिलं तर नावा कायमच्या बंद. नावाड्यांनी कावळ्यांच्या नावाने खडे फोडले आणि टाळ्या चालूच ठेवल्या.

धक्क्यावर नाव चालवणारी बाई एकच. नावाड्यांचा म्होरक्या तिचा सख्खा दीर, म्हणून ती सगळ्यांचीच वहिनी. एकदा बेटाच्या मागे तिचं इंजिन बंद पडलं. मदत येईस्तोवर ती गप्प बसून राहिली. बगळे घरट्यांवरून हलले नाहीत आणि कावळे हात हलवत परत गेले. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिने दिराला सांगितलं, इंजिन लांबच बंद करू, वल्ही मारू, टाळ्या नकोत.

दीर हसला. "वहिनी, पक्षी उडालेच नाहीत तर लोक काय माझं थोबाड बघायला येतील?"

"मग मागची बाजू मला द्या. तिकडे कुणी फिरकायचं नाही."

वेडीच्या नादी कोण लागणार, म्हणून त्याने दिली. सुरुवातीला तिची नाव रिकामीच. जाऊबाई टोमणे मारत आणि ती रात्री रडेही, पण हट्टाला पेटलेली बाई ती. मग अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. चार पाहुण्यांनी आई पिल्लांना भरवताना अगदी जवळून पाहिलं आणि धक्क्यावर येऊन गाजावाजा केला. तिच्या नावेसाठी रांग लागली. दिराच्या नावेत माशा!

एकेक करून बाकीचे नावाडी वल्ह्यांवर आले आणि शेवटी त्यानेही इंजिन बंद केलं. त्याच्या हातांना फोड आले, पण समोरच्या बाजूलाही बगळे घरट्यांवर टिकून बसले.

पिल्लं पहिल्यांदा उडाली त्या दिवशी साहेब आले होते. ते दिराची पाठ थोपटून म्हणाले, शाब्बास, नावा चालू राहतील.

दीर बाजूला झाला. "साहेब, हे वहिनींना सांगा. मी सगळ्यात शेवटी वल्हं उचललं."

वहिनीने पदर सारखा करून गंभीर चेहरा करायचा प्रयत्न केला. तो काही जमला नाही. आनंद पोटात मावेना, आणि सगळ्या धक्क्यादेखत ती खदखदून हसली.