मेंढ्या चारणाऱ्यांची भाषा

लाखनीच्या एका इंग्रजी शाळेत नोकरीसाठी माझा डेमोचा तास होता आणि सकाळपासून जिवाला घोर लागला होता. आठ वर्षं शिकवण्या घेण्यात गेली. आज नाही जमलं तर मग नाहीच. संस्थेनं बजावलं होतं, बाईंची भाषा गावठी नको. म्हणून चार दिवस आरशापुढे उभी राहून मी 'मले-तुले' गिळायला शिकत होते.

विषय मीच निवडला: इंग्रजीत फ्रेंच आणि लॅटिन शब्द कसे आले. मुख्याध्यापक हेमराज सर मागच्या बाकावर बसले. महामार्गावरून ट्रक गेला की खिडक्या थरथरायच्या आणि माझं पुढचं वाक्य पळून जायचं.

"हजारेक वर्षांपूर्वी फ्रेंच बोलणाऱ्यांनी इंग्लंड जिंकलं," मी म्हणाले. "मालक फ्रेंच बोलायचे, पाद्री-पंडित लॅटिन लिहायचे. मेंढ्या चारणारे मात्र आपलं जुनंच बोलत राहिले. म्हणून कुरणात असेपर्यंत ती 'शीप', मालकाच्या ताटात आली की 'मटन'!" गायीचं उदाहरण मी शहाणपणानं गाळलं होतं.

"म्हणजे आपलं मटण फ्रेंच आहे, मॅडम?" पुढच्या बाकावरची गुड्डी ओरडली. वर्ग खूश झाला. मीही जरा सावरले. मधेच शिपायानं बोलावलं म्हणून सर बाहेर गेले आणि लगेच परत येऊन बसले.

तेवढ्यात दारात बाबा! बकऱ्या सोडून तसेच आलेले, डोक्याला दुपट्टा, हातात माझी फाईल.

"कामिनी, तुयी कागदाईची फाईल घरीच राह्यली वो! घे. बकऱ्या एकट्याच चरून राह्यल्या, जातो मी."

पोरं खदाखदा हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे कोण, मॅडम?" हेमराज सरांनी विचारलं.

"आमच्या गावातले आहेत," मी म्हणाले.

बाबांनी फाईल टेबलावर ठेवली, सरांना नमस्कार केला आणि गेले. माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मॅडम, त्या चारणाऱ्यांची पोरं कोणती भाषा बोलायची?" गुड्डीनं विचारलं.

"ज्यांना मालकाकडे चाकरी हवी होती, ती मालकाची," मी म्हणाले आणि उगाच फळा पुसत बसले. कोरा फळा.

तास संपल्यावर सरांनी ऑफिसात बोलावलं. "छान शिकवता. सोमवारपासून या."

आनंद व्हायला हवा होता. पण खुर्चीत बसवेना. "सर, मघाशी आले ते माझे वडील आहेत."

"माहीत आहे," सर शांतपणे म्हणाले. "आधी इथंच आले होते. शिपायापासून सगळ्यांना सांगत होते, मॅडम माझी पोरगी आहे म्हणून. मीच त्यांना वर्गाकडे पाठवलं. तुम्ही मुलांशी ओळख करून द्याल असं वाटलं."

मी फाईल तिथंच टाकून फाटकाकडे धावले. बाबा अजून गेले नव्हते; माझा तास संपायची वाट पाहत थांबले असावेत, आता रस्ता ओलांडायला उभे होते.

"बाबा!" मी जिवाच्या आकांतानं हाक मारली. "बाबा, थांबा ना!"

ते वळले. आधी त्यांनी माझ्या मागं शाळेच्या खिडक्यांकडे पाहिलं, मग घाईघाईनं जवळ आले.

"हळू बोल वो बाई," ते म्हणाले, "कोनी आयकंन."