एक हेल्मेट आणि मूठभर दात

आमच्याकडे दात बनतात. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचे साचे धाडतात, आम्ही त्यात प्लास्टर ओतून जबडा उभा करतो, मेणावर एकेक दात बसवतो आणि कवळी झाली की डब्यात घालून परत पाठवतो. असल्या जागी माझ्यासारख्याला कामावर ठेवणं ही मालकांची घोडचूक. नवी मुलगी कामाला लागली तेव्हा पहिल्याच दिवशी मी तिच्या चहात दाढ टाकली. तिने ती चमच्याने काढली, नीट पुसली आणि म्हणाली, "काका, तुमची पडली वाटतं." तेव्हापासून ती माझी लाडकी.

तर एका दुपारी आम्ही डबे उघडून बसलो होतो आणि माझा मेव्हणा आला. मेव्हणा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. सगळे त्याला बॉक्सर म्हणतात. पूर्वी रिंगणात उतरायचा, आता व्यायामशाळेत पोरांना ठोसे शिकवतो. पोरांच्या दातांवर बसवायची रबरी कवचं मी करून देतो, ती न्यायला आला होता. मालक मोबाइलवर मॅच बघत होते.

"अजून चालूच आहे का ही?" बॉक्सर म्हणाला. "मी दाढी करत होतो तेव्हाही हीच चालू होती."

"कसोटी आहे," मालक म्हणाले.

"बघणाऱ्याची ना? एक जण फेकतो, दोघं पळतात, बाकीचे दोरीवर वाळत घातल्यासारखे उभे. मध्येच चहा! आमच्याकडे कुणी मध्ये चहा मागितला तर त्याला आधी दात मागावे लागतील."

"मग धंदा माझाच की," मी म्हणालो आणि त्याला हाताला धरून फळीपाशी नेलं. फळीवर जुने प्लास्टरचे जबडे आहेत. कामं संपली तरी मी ते टाकत नाही, माझं प्रदर्शन आहे ते. "हा बघ फुटबॉल. गडी गोलाच्या खांबावर जाऊन आपटला. ही सायकल. हा तुमच्या जातीचा, ठोशाचा. एक दात गेलाय, तोही बाजूचा. आणि हे क्रिकेट."

क्रिकेटच्या जबड्याला पुढे काहीच नव्हतं. खिंडार.

"ठोसा मारणाऱ्याला मनगट असतं, जावईबापू. ऐन वेळी मनात आलं तर हात आखडता घेतो. चेंडूला मन पण नाही आणि मनगट पण नाही."

बॉक्सरने जबडा उलटसुलट करून पाहिला. "उभ्या उभ्या झोप लागली असेल याला. पडला तोंडावर."

सगळे हसले. सगळ्यात जास्त मी हसलो, माझा स्वभावच तो. मालकांनी मात्र मोबाइल खाली ठेवला. "रविवारी शेजारच्या बाटली कारखान्याशी आपली मॅच आहे. पॉलिशवाला तापाने आडवा झालाय. एक माणूस कमी पडतोय. येता? हेल्मेट देऊ."

"झोपायला हेल्मेट कशाला?" बॉक्सर म्हणाला. टाळ्या पडल्या. गोष्ट ठरून गेली.

संध्याकाळी धाकटी घरी आली. चप्पल न काढताच स्वयंपाकघरात शिरली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. बायकोला दचकवायला मी फ्रिजमध्ये कवळी ठेवली होती, ती तिला दाखवायला निघालो होतो, पण तिचा चेहरा बघून फ्रिजचं दार लावून घेतलं.

"दादा, त्याला खेळायला कुणी सांगितलं?"

"त्यानेच. तोंडाने ओढवून घेतलं. का गं?"

"त्याचा डावा डोळा." तिने आवाज खाली आणला. "आतला पडदा फाटला होता. ऑपरेशन करून चिकटवलाय. डॉक्टर म्हणाले, आता डोक्याला एक फटका बसला तर परत चिकटणार नाही. आणि उजव्याने त्याला आधीपासूनच धुरकट दिसतं. तुला काय वाटलं, त्याने रिंगण कंटाळा आला म्हणून सोडलं?"

मला तसंच वाटलं होतं. त्याने सगळ्यांना तेच तर सांगितलं होतं.

"मग घरात बसव ना त्याला."

"ऐकतोय होय! क्रिकेटच तर आहे, म्हणतो. आता माघार घेतली तर पोरं विचारतील का म्हणून. डोळ्याचं कळलं तर आईबाप पोरांना पाठवायचे बंद होतील. दादा, तू काहीतरी कर. तुझं डोकं चालतं असल्या बाबतीत. पण मी तुला सांगितलंय हे त्याला कळता कामा नये. शपथ घे."

घेतली. आयुष्यभर लोकांना घाबरवत आलो, पण त्या रात्री मी जेवलो की नाही ते बायकोला विचारावं लागेल.

रविवारी मैदानावर पोचलो तर बाटलीवाले आधीच आलेले. त्यांच्याकडे तोफ आहे. माणसाचं नाव आहे हे, म्हणजे लोकांनी ठेवलेलं. भट्टीवर काम करतो, हात माझ्या मांडीएवढे, बोलायला एकदम गरीब. "नमस्कार काका, तब्येत काय म्हणते?" असं विचारतो आणि मग चेंडू तुमच्या कानाजवळून असा नेतो की चेंडूचा आवाज कानात आणि तुमचा आवाज घशात. त्यात खेळपट्टी मध्येच फुगलेली. एखादा चेंडू गुडघ्याला, तर तिथेच पडलेला दुसरा थेट तोंडावर.

माझं पोट असं की माझी पावलं मला दिसत नाहीत. तरी मी मालकांना म्हणालो, "मला सलामीला पाठवा. बॉक्सरला शेवटी ठेवा." माझा हिशोब सरळ होता. त्याची पाळी यायच्या आत सगळं आटपेल.

मालक म्हणाले, "छे! निधड्या छातीचा माणूस, शेवटी कशाला? तिसरा जाईल तो."

आमच्या टीमला हेल्मेट एकच. ते घालून मी आत गेलो. खिशात मूठभर दात होते. ते आधीपासूनच ठरलेलं होतं. मॅच संपल्यावर चेंडू लागल्याचं नाटक करायचं, बॉक्सरसमोर दात थुंकायचे आणि विचारायचं, काय जावईबापू, झोप उडाली का? धाकटी येऊन जायच्या आधी मला ही सगळी गंमत वाटत होती.

माझ्यासोबत आलेला साचेवाला पहिल्याच ओव्हरच्या शेवटच्या चेंडूवर बाद झाला. आणि बॉक्सर आला. टोपी नाही, काही नाही, बॅट खांद्यावर टाकून बाजारातून छत्री आणावी तसा.

मी हेल्मेट काढून पुढे केलं. "घाल."

"राहू दे तुझ्याकडे, दादा. टक्कल भाजेल."

"अरे, माझी शपथ आहे तुला."

"तुझ्या शपथा माहीत आहेत मला," तो हसला. हसताना मान किंचित उजवीकडे वळवून, डावा डोळा पुढे करून माझ्याकडे बघत होता. इतकी वर्षं तो तसंच बघायचा. मला वाटायचं, ऐट आहे.

मी बाद झालो तर तो एकटा आत राहणार. म्हणून मला टिकायचं होतं आणि त्याला घालवायचं होतं. पुढची ओव्हर तोफेची, समोर मी. पहिलाच चेंडू मी हळूच ढकलला आणि ओरडलो, "पळ!" तो अर्ध्यात आला तशी मी हात वर केला, "थांब थांब, जा मागे!" सरळ धावबाद होता. पण बॉक्सरचे पाय ते, वळला आणि पोचला. वर क्षेत्ररक्षकाने चेंडू फेकला तो भलतीकडेच. त्या गोंधळात आम्ही पळालो आणि व्हायचं तेच झालं. एक धाव मिळाली. बॉक्सर तोफेसमोर उभा राहिला.

"वा काका! असं पळताय जसं साहेबांनी बोलावलंय!" यष्टिरक्षक ओरडला.

तोफ लांबून धावत आला, त्याच्या बुटांचा आवाज आधी जमिनीतून मला पायात कळला, मग कानात. चेंडू सुटला. खेळपट्टीच्या फुगवट्यावर पडला आणि उठला.

बॉक्सर हललाच नाही.

चेंडू त्याच्या डाव्या कानशिलाजवळून गेला, केस उडाले. यष्टिरक्षकाच्या हातात चेंडू बसला तेव्हा कुठे बॉक्सरने मान मागे घेतली. मैदानात कौतुकाची शीळ घुमली. "काय छाती आहे बघा! पापणी पण हलली नाही!"

मला खरं ते दिसलं होतं. त्याला चेंडू दिसलाच नव्हता. रिंगणात वीतभर अंतरावरचा ठोसा चुकवणारा माणूस, त्याला लांबून येणारा लाल ठिपका सापडत नव्हता. तो मैदानाकडे बघून हसला. हाताने बॅट इतकी आवळून धरली होती की बोटं पांढरी पडली होती. आमच्या प्लास्टरसारखी.

मी तोफेला म्हणालो, "बाबा रे, जरा हळू टाक. पाहुणे आहेत."

"काका, त्यांनीच सकाळी सांगितलं, जोरात टाक, नाहीतर झोप लागेल," तोफ बिचारा म्हणाला आणि परत लांब चालत गेला.

पुढचा चेंडू बॉक्सरच्या मांडीवर बसला. थाप ऐकताच माझे पाय सुटले. "पळ!" मी असा धावलो की माझं पोट माझ्या आधी पोचलं. आता तोफेसमोर मी होतो. ओव्हर संपायला अजून चेंडू होते. पुढे चेंडू अडला, सुटला, पुन्हा एखादी धाव निघाली की बॉक्सर परत तोफेसमोर. पुढच्या वेळी केसांऐवजी काय उडेल?

मग मला सुचलं. मी पडलो, दात थुंकले, तर मला उचलून दवाखान्यात न्यायला घरचा माणूस कोण? जावईबापू. त्याला यावंच लागेल. त्याच्या बायकोचा भाऊ आहे मी.

मी पाठ फिरवून, नाक शिंकरल्यासारखं करून खिशातले दात गालात भरले. मग लक्षात आलं, हेल्मेटच्या जाळीतून दात थुंकणार कसे? आत अडकतील, बिंग फुटेल. म्हणून मी हेल्मेट काढलं आणि बाजूला ठेवलं. "घाम येतोय," असं तोंड न उघडता म्हणालो. कुणालाच कळलं नाही.

डोकं उघडं पडल्यावर वारा लागला आणि मला पहिल्यांदा स्वतःसाठी भीती वाटली. आतापर्यंत सगळी त्याच्यासाठीच वापरली होती. फळीवरचा तो पुढून खिंडार पडलेला जबडा डोळ्यासमोर आला. मी ठरवलं, चेंडू बाजूने जाईल, मी उशिरा मान फिरवीन, तोंडावर हात, आणि धाडकन खाली. शंभर वेळा केलेलं काम.

तोफ आला. चेंडू फुगवट्यावर पडला. तो बाजूने जाणार होता, आईशप्पथ बाजूनेच जाणार होता, पण मी नाटकासाठी मान फिरवली ती नेमकी त्याच्याच वाटेत.

आवाज डोक्याच्या आत झाला. मग आकाश. मग गवत. मी नाटक ठरल्याप्रमाणे केलं, कारण दुसरं काही सुचायला डोकं जागेवर नव्हतं. दात थुंकले. रक्ताचा बंदोबस्त मी केला नव्हता, तो तोफेने केला.

तोफ धावत आला, दात बघितले आणि खेळपट्टीवरच फतकल मारून रडायला लागला. "काका मेले, काका मेले!" मालक पाणी, पाणी ओरडत होते. आमची नवी मुलगी सीमारेषेवरून म्हणाली, "काका, उठा आता, पुरे," आणि जवळ आल्यावर रक्त बघून तिने आपला रुमाल पुढे केला.

बॉक्सर माझ्यावर वाकला. त्याने गवतातला एक दात उचलला, अगदी डोळ्याजवळ नेऊन पाहिला. आमच्याकडचे दात तो ओळखतो, किती वेळा त्याच्या चहात निघालेत. मला वाटलं, आता म्हणणार, ऊठ नाटक्या.

त्याने दात मुठीत घेतला आणि तोंड माझ्या कानाशी आणलं. "दादा, उठू नकोस," तो म्हणाला. "पाया पडतो, उठू नकोस. मला चेंडूच दिसत नाहीये."

मग मोठ्याने ओरडला, "सरका! मी नेतो यांना! आमच्या घरचा माणूस आहे!"

मालकांच्या गाडीत आम्ही दोघं मागे बसलो. पुढे मालक गाडी चालवत होते आणि दर वळणाला देवाचं नाव घेत होते. बॉक्सरने एका हाताने माझ्या तोंडावर रुमाल धरला होता, दुसऱ्या हाताने स्वतःचा डावा डोळा झाकला होता. थोड्या थोड्या वेळाने हात काढायचा, खिडकीकडे बघायचा, परत झाकायचा.

"दिसतंय?" मी विचारलं.

"जेवढं सकाळी होतं तेवढं." त्याने श्वास सोडला. "तुला धाकटीने सांगितलं."

मी शपथेने बांधलेला होतो, म्हणून वेदनेने कण्हलो.

"चेंडू दिसतच नव्हता, दादा. नुसता येण्याचा आवाज. रिंगणात कधी असा घाबरलो नव्हतो. तिथे समोरचा माणूस तरी दिसायचा." मग जरा हसला. "दात मात्र झकास थुंकलास. खरेच वाटले."

त्याने मूठ उघडली. गवतातून गोळा केलेले दात तळहातावर होते. मी एकेक बोटाने सरकवत गेलो. आमचा, आमचा, हा पण आमचा. मग एकापाशी बोट थांबलं. आम्ही बनवतो त्या दातांना मूळ नसतं, खालून सपाट असतात. याला लांबलचक मूळ होतं.

मी जीभ पुढे नेली. ती कुठेही न अडता थेट ओठाला लागली.

बॉक्सरने तो वेगळा काढून खिशात ठेवला, अलगद.

"उद्या तू माझ्याबरोबर दवाखान्यात येशील," मी म्हणालो. म्हणजे म्हणायला गेलो, पण सगळे शब्द समोरच्या खिंडारातून वाऱ्यासारखे निघून गेले.

"दाताच्या की डोळ्याच्या?"

"दोन्ही."

त्याने रुमालाची घडी बदलून परत माझ्या तोंडावर धरली. नाही म्हणाला नाही. त्याचा फोन वाजला. धाकटी. त्याने फोन माझ्या हातात दिला.

"दादा? काय झालं? मॅच कशी झाली?"

मी बॉक्सरकडे पाहिलं. तो मान हलवत होता, सांगू नकोस, सांगू नकोस.

"फार कंटाळवाणी झाली गं," मी म्हणालो, आणि फुसफुसणारा माझा आवाज ऐकून ती पलीकडे किंचाळली.